गोडं पाणी

ह्यांच्या निवृत्तीच्या पार्टीत सोडत निघाली
आणि आमचा आकडा लागला.
दोन रात्री, तीन दिवस. फ्लोरिडाच्या शेपटाशी
प्रवाळाच्या चुऱ्यावर उभं एक खाजगी बेट;
एका रात्रीचं भाडं म्हणजे
डेटनच्या आमच्या घराचे दोन हप्ते.
मी म्हटलं, विकून टाकू.
हे म्हणाले, कुणाला?

धक्क्यावर चपला काढून घेतल्या, वेताच्या पेटाऱ्यात.
घड्याळंही.
"बेटावर वेळ नसतो," कप्तान म्हणाला,
स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं
आणि होडी सोडली.

झोपडी म्हणायचं, म्हणून म्हणायचं.
वर झावळ्या, खाली संगमरवर,
पलंगावर टॉवेलांचे दोन राजहंस चोचीला चोच लावून.
आमच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली,
मला त्यांची इतकी लाज वाटली
की एकाची मान मोडून मी तोंड पुसलं.
पोरंबाळं आणायला बंदी. मोठ्याने बोलायला बंदी.
पेल्यातला बर्फ सरकला तरी पलीकडचे वळून बघत.

ह्यांनी समुद्र पाहिला तो पाच मिनिटं.
बत्तीस वर्षं पाणीखात्यात काढलेला माणूस,
नळ कुठून आलाय ते शोधत बेटामागे गेला.
अंधार पडल्यावर परत आला, पोटऱ्यांना डास चावलेले, खूश.
"वाळूसुद्धा बाहेरची आहे गं. तराफ्यावरून येते.
लिंबं, चादरी, बर्फ, तो व्हायोलिनवालासुद्धा.
आणि पाणी समुद्राखालून, पाइपातून, किती मैल, विचार!"
मी विचारलं नाही.
"मग इथलं काय?"
जरा विचार करून म्हणाले, "डास."

राजहंस घडवणारी मिर्लांद, मूळची हैतीची.
दुपारच्या होडीने जाते, दोन पुलांपलीकडे,
तिथे रात्रपाळीत कोळंबी सोलते.
"इथे कोण कोण राहतं?" मी विचारलं.
"इथे कोणीच राहत नाही, मादाम.
तुम्ही राहता."

दाराशी पाय धुवायला तांब्याचं घंगाळ होतं,
रोज ताजी जास्वंद तरंगत.
पहिल्या रात्री लप् लप् आवाज आला.
मी जाळीतून पाहिलं:
कुत्र्याएवढं हरीण. पोटापर्यंत ओलं,
अंगाला समुद्राचा वास,
आणि आमच्या पायधुणीत तोंड बुडवून
असं पीत होतं, असं पीत होतं
की मी ह्यांना उठवायचं विसरले.
जाताना जास्वंदही खाल्ली.

मिर्लांद म्हणाली, पोहत येतात,
या बेटावरून त्या बेटावर.
पाऊस लांबला की डबकी खारट होतात.
सगळीकडे पाणी, आणि तहान.
मी घंगाळ घासलं, काठोकाठ भरलं.

संध्याकाळी उशीवर चॉकलेट होतं, त्याखाली चिठ्ठी,
सोनेरी अक्षरं, फार गोड भाषा:
हरणांना काहीही देऊ नये. कायद्याने गुन्हा आहे.
घंगाळ नव्हतं.
त्याच्या जागी एक शंख, कोरडा.

कायदा बरोबरच असेल. माणसाळलेली हरणं
गाडीखाली येतात, मिर्लांदच म्हणाली.
मला पटलं. मला झोप आली नाही.
रात्री कधीतरी हे उठले.
मला वाटलं, बाथरूमला.
बाहेरच्या न्हाणीत, चांदण्यात, लुंगीवर उभे,
जन्मभर दुसऱ्यांच्या गळत्या बंद करत फिरलेला माणूस
दोन बोटांत नळाची मान धरून
पाव आटा सैल करत होता. थांबला. ऐकलं.
आणखी जरासा.

"मिनिटाला चाळीस थेंब," आत येऊन कुजबुजले,
"दिवसाला जवळजवळ चार गॅलन."
"गुन्हा आहे ना?"
"देणं गुन्हा आहे," पांघरूण ओढत म्हणाले,
"ही गळती आहे."

हरीण आलं का, माहीत नाही. मला डोळा लागला.

सकाळी धक्क्यावर चपला परत मिळाल्या,
माझ्या मला घट्ट झाल्या होत्या.
एका मुलीने हसत कागद पुढे केला:
मिस्टर टिपणीस, एखादी दुरुस्ती सुचवाल?
ह्यांनी चष्मा लावला, सगळा कागद वाचला,
खालची बारीक अक्षरंसुद्धा,
आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं:
काही नाही.